गादीवरून बैठकीवर : कै. नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे चरित्र

अधिकार हाती असताना मोठी कामे करणारे पुरुष प्रत्येक पिढीत आढळतात. स्वतःच्या हुकुमाने चालणारी गादी बाजूस सारून, जेथे आपला हुकूम चालत नाही अशा सभेत बसावे आणि केवळ विचाराच्या बळावर लोकांचे हित साधावे, हे मात्र थोड्यांनाच जमते. आपल्या दैवज्ञ समाजाचे भूषण आणि आधुनिक मुंबईच्या उभारणीत अग्रभागी असलेले कै. नाना शंकरशेट हे या थोड्यांपैकी एक होते. त्यांच्या दानशूरपणाविषयी व लोकसंग्रहाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहण्याचा विचार आहे. पिढीजात पेढीचा धनी पुढे मंडळे, समित्या व कायदे कौन्सिल यांचा सभासद कसा झाला, आणि सभासद या नात्याने तो कसा वागला, हा या चरित्राचा विषय होय.

आपल्या भागाला नानांचे नाव परके नाही. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. मुरबाड, शहापूर आणि थळ घाटाच्या पायथ्याशी वसलेला कसारा हा सारा सह्याद्रीच्या कुशीतील मुलूख. याच कसाऱ्यावरून मुंबई-आग्रा रस्ता घाट चढून नाशिककडे जातो, आणि याच कसाऱ्यावरून लोहमार्ग इगतपुरीस चढतो. ज्या लोहमार्गाने कसाऱ्याचे नाव सर्वतोमुखी केले, त्याच्या आरंभीच्या मंडळात मुरबाडच्या या सुपुत्राचा समावेश होता, ही गोष्ट आपल्या तरुणांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

नानांचे घराणे मुरकुटे आडनावाचे. त्यांचे पूर्वज गणबाशेट हे अठराव्या शतकात मुंबईत स्थायिक झाले व व्यापारात त्यांनी नाव कमावले. मुंबईच्या कोटातील एका रस्त्यास त्यांच्यावरून गणबा हे नाव पडले होते. गणबाशेटांचे पुत्र बाबुलशेट व त्यांचे पुत्र शंकरशेट यांनी हा व्यवहार वाढविला. शंकरशेटांच्या सचोटीची कीर्ती अशी होती की, अरब व अफगाण व्यापारीदेखील आपली ठेव निर्धास्तपणे त्यांच्या स्वाधीन करीत, असे सांगितले जाते. अशा संपन्न घरी नानांचे बालपण गेले. मातोश्रींचे छत्र लहानपणीच हरपले. घरी पंतोजी ठेवून त्यांना मराठी, संस्कृत व इंग्रजी यांचे शिक्षण देण्यात आले.

सन १८२२ मध्ये शंकरशेट निवर्तले आणि एकोणिसाव्या वर्षी नाना पेढीच्या गादीवर बसले. त्या काळच्या पेढीवर धन्याचा शब्द हा शेवटचा शब्द असे. कोणास पैसा द्यावा, कोणाचा माल घ्यावा, कोणत्या गुमास्त्यास ठेवावे, कोणास निरोप द्यावा, हे ठरविण्यास त्याला कोणाच्या अनुमोदनाची गरज नसे. नफा त्याचा, तोटाही त्याचाच. या वयात हाती एवढे द्रव्य व एवढी सत्ता आली म्हणजे पुष्कळांची मती फिरते. नानांनी वडिलांची पत तर राखलीच. शिवाय पेढीच्या बाहेरही आपले काही कर्तव्य आहे ही जाणीव त्यांना फार लवकर झाली.

ज्या वर्षी नाना गादीवर आले, त्याच वर्षी मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढण्यास व पाठ्यपुस्तके तयार करण्यास एक मंडळी स्थापन झाली. पुढे ती मुंबईची नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आश्रय होता. या मंडळीच्या कार्यात नाना तरुणपणीच शिरले. सन १८२७ मध्ये एल्फिन्स्टनसाहेब मुंबई सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा फंड जमविला. या पैशाचा पुतळ्यात किंवा मेजवानीत व्यय न करता तो उच्च शिक्षणाच्या कामी लावावा असे ठरले, व त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. या साऱ्या खटपटीत नानांचा पुढाकार होता. येथूनच त्यांच्या आयुष्याचा ओघ वळू लागला. पेढी व मालमत्ता होतीच. परंतु त्यांच्या दिवसाचा मोठा भाग आता इतरांच्या बरोबरीने बसून विचार करण्यात जाऊ लागला.

सन १८४० मध्ये सरकारने शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यात अध्यक्षांसह सात सभासद होते. तिघे सभासद नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने द्यावयाचे होते. तिने नाना, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा यांची निवड केली. एक हिंदू, एक पारशी व एक मुसलमान असे हे तिघे गृहस्थ मुंबईच्या लोकांच्या वतीने त्या बैठकीत बसू लागले. बोर्ड अस्तित्वात होते तोवर, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, नानांनी ते काम सोडले नाही.

या बोर्डात नानांची खरी कसोटी लागली ती भाषेच्या प्रश्नावर. सन १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. ते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, बुद्धीने तल्लख व मताचे आग्रही होते. थोड्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, त्यांच्याकडून ते पुढे खाली झिरपेल, असा त्यांचा सिद्धांत होता. याच्या उलट, बहुजनांस विद्या द्यावयाची तर ती त्यांच्या मायबोलीतूनच दिली पाहिजे, असे कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांचे म्हणणे होते. मराठी व गुजराती पाठ्यपुस्तके सिद्ध करण्याच्या कामी जर्व्हिस यांनी वर्षानुवर्षे श्रम केले होते. सन १८४७ मध्ये हा वाद विकोपास गेला. तिन्ही एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्या बाजूस राहिले. नानांनी आपले मत लेखी टिपण करून दप्तरी दाखल केले. इंग्रजीचे महत्त्व त्यांस मान्य होते. त्यांनी स्वतः ती भाषा आत्मसात केली होती आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत भाग घेतला होता. तथापि खेडोपाडीच्या मुलाला परक्या भाषेच्या दारातून विद्येच्या घरात शिरावयास लावणे म्हणजे त्याला बाहेरच ठेवणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या प्रसंगाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. समोर बसलेला अध्यक्ष वरिष्ठ न्यायाधीश, राज्य इंग्रजांचे, आणि नाना व्यापारी. व्यापाऱ्याचे हित सरकारची मर्जी राखण्यात असते. पेढीवर जसा एका शब्दाने निकाल लावता येई, तसा येथे लावता येणे शक्य नव्हते. गप्प बसणे सोपे होते, आणि रागावून सभासदत्व फेकून देणेही सोपे होते. नानांनी दोन्ही केले नाही. त्यांनी विरोध लिहून दिला आणि दुसऱ्या बैठकीस पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसले. वाद सरकारकडे गेला. तेथून आलेल्या उत्तराने कोणत्याही पक्षाचा संपूर्ण विजय झाला नाही. उच्च शिक्षणात इंग्रजी दृढ झाली. परंतु मराठी शाळा बंद पडल्या नाहीत. पुढे सन १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यात वरच्या शिक्षणास इंग्रजी व सर्वसामान्यांच्या शिक्षणास देशी भाषा, हे धोरण मान्य झाले. आपल्या गावच्या शाळेत मूल मराठीत पहिली अक्षरे गिरविते, त्यामागे जी परंपरा आहे तिच्या रक्षणात या चौघा सभासदांच्या चिकाटीचाही वाटा आहे.

आता लोहमार्गाकडे वळू. सन १८४३ मध्ये मुंबई सरकारचे इंजिनियर जॉर्ज क्लार्क यांच्या मनात मुंबईहून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना आली. तेव्हा ती पुष्कळांना वेडगळ वाटली. सन १८४५ च्या सुमारास मुंबईत या कामी जी मंडळी एकत्र आली, तीत सर जमशेटजी जीजीभाई व नाना हे प्रमुख एतद्देशीय गृहस्थ होते. रेल्वेच्या आरंभीच्या कचेरीसाठी नानांनी आपल्या वाड्यातील जागा दिली होती, असे परंपरेने सांगतात. पुढे विलायतेत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिला सन १८४९ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली आणि ईस्ट इंडिया कंपनीने तिच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी दिली. कंपनीची मुख्य सूत्रे लंडनच्या डायरेक्टरांच्या हाती राहिली. मुंबईच्या मंडळींचे काम मुख्यतः सल्ला देण्याचे व लोकांत विश्वास उत्पन्न करण्याचे होते.

हे काम आज आपणास लहान वाटण्याचा संभव आहे. परंतु वाफेच्या गाडीविषयी लोकांच्या मनात भय होते, आणि भांडवल घालणाऱ्यांच्या मनात शंका. अशा वेळी ज्याच्या पेढीवर लोक डोळे मिटून ठेव ठेवतात, अशा पुरुषाने त्या कामास आपले नाव द्यावे, याला फार किंमत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, तेव्हा निमंत्रित पाहुण्यांत नानाही होते. सन १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणास आला, १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ मध्ये तो कसाऱ्यास पोहोचला. पुढे थळ घाटाचा कडा उभा होता. सुमारे नऊ मैलांच्या चढात मार्ग ९७२ फूट उंच चढवावयाचा होता. सर्वांत कठीण ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट असा चढ ठेवावा लागला. बोगदे, उंच कमानींचे पूल आणि गाडीची दिशा उलट करण्यासाठी एक स्वतंत्र ठाणे, अशी रचना करण्यात आली. हजारो मजूर येथे राबले. पटकीसारख्या साथींनी व अपघातांनी त्यांतील पुष्कळांचा बळी घेतला. या अनाम श्रमिकांचे स्मरण केल्यावाचून लोहमार्गाचा गौरव पुरा होत नाही. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा-इगतपुरी मार्ग खुला झाला. मुंबईत वीस वर्षांपूर्वी बैठकीत बोलली गेलेली गोष्ट नानांच्या डोळ्यांदेखत घाट चढून गेली. कसाऱ्यास गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, ती गाडीस वर ढकलतात आणि इगतपुरीस सुटून परत येतात. सल्लागाराचे काम काय, हे यापेक्षा चांगले कोण समजावून सांगणार? गाडी आपली नव्हे. परंतु चढ आहे तोवर जोर लावावयाचा.

सल्ला देणारा पुरुष सदैव सरकारच्या पंगतीस बसतो, असा एक समज असतो. नानांनी तो खोटा ठरविला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली असता, २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बाँबे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. सर जमशेटजी हे सन्माननीय अध्यक्ष व नाना हे प्रत्यक्ष अध्यक्ष झाले. डॉ. भाऊ दाजी व नानांचे चिरंजीव विनायकराव यांनी चिटणिसाचे काम पाहिले. संस्थेने पार्लमेंटकडे अर्ज धाडून राज्यकारभारातील दोष मांडले, आणि या देशाच्या लोकांस कायदे कौन्सिलात व वरच्या अधिकारांत स्थान मिळावे, अशी मागणी केली. सरकारची इतराजी होईल या भयाने काही धनिक सभासद संस्थेतून निघून गेले. नाना राहिले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अध्यक्षपद वयाने व प्रतिष्ठेने मोठ्या पुरुषाकडे होते. लेखणी व धावपळ तरुणांकडे होती. चिटणिसाचे काम अध्यक्षाने हिरावून घेतले नाही, आणि अध्यक्षाचा आधार नाही म्हणून चिटणीस उघडे पडले नाहीत.

या निर्भयपणाचे मोल त्यांना द्यावे लागले. सन १८५७ च्या उठावाच्या काळात नानांवरही संशय घेतला गेला. इतकी वर्षे सरकारच्या मंडळांत बसलेल्या पुरुषास हे सोसावे लागले! चौकशीअंती त्यांच्याविरुद्ध काहीही सिद्ध झाले नाही. त्यानंतर कटुता मनात धरून त्यांनी सार्वजनिक कार्य सोडले असते, तर कोणी दोष दिला नसता. पण तसे घडले नाही. त्याच सन १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व त्याच्या पहिल्या फेलोंच्या यादीत नानांचे नाव होते. राणीचा बाग व त्यालगतचे वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीतही त्यांनी मोठा वाटा उचलला. सोनापूरची स्मशानभूमी तेथून हलविण्याचा बेत झाला, तेव्हा हिंदू रहिवाशांची गैरसोय सरकारच्या नजरेस आणून ती जागा राखण्यासाठी ते झटले. मुलींच्या शिक्षणास लोकांचा विरोध असताना त्यांनी आपल्या वाड्यात कन्याशाळेस जागा दिली. सतीची चाल बंद करण्याच्या बाजूनेही त्यांचे वजन पडले होते.

सन १८६१ च्या कायद्यान्वये मुंबईस कायदे कौन्सिल मिळाले आणि १८६२ मध्ये नेमलेल्या पहिल्या एतद्देशीय सभासदांत नाना होते. दहा वर्षांपूर्वी ज्या कौन्सिलात आपल्या लोकांस प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला, त्याच प्रकारच्या बैठकीत ते आता नामदार म्हणून बसले. या सभासदांचे अधिकार फार मर्यादित होते. समोर आलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलावे, एवढेच. कारभाराबद्दल प्रश्न विचारण्याची त्यांना मुभा नव्हती. तथापि दार किलकिले झाले होते, आणि त्यातून पुढच्या पिढ्या आत शिरल्या.

नानांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईस एका विलक्षण वेडाने ग्रासले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, शहरात पैशाचा पूर आला, आणि रोज नवी कंपनी व नवे डायरेक्टर दिसू लागले. सन १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा दिवस उजाडताच अनेक घराणी धुळीस मिळाली. बँक ऑफ बाँबेसारखी सरकारचा हिस्सा असलेली बँकदेखील त्या धक्क्यातून सावरली नाही; तिची चौकशी झाली, तेव्हा डायरेक्टरांनी डोळ्यांत तेल घालून कर्जे पाहिली नव्हती हे उघड झाले. मंडळावरील खुर्ची ही शोभेची वस्तू नव्हे, हा धडा मुंबईने फार मोठी किंमत देऊन घेतला. नुसते नाव देणे आणि नावाबरोबर लक्ष देणे, यांत अंतर किती, हे पाहावयाचे असेल तर एका बाजूस ही बँक ठेवावी व दुसऱ्या बाजूस बोर्ड ऑफ एज्युकेशनमधील नानांची पंधरा वर्षे ठेवावी.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करून भागत नाही. त्या काळच्या बोर्डाच्या शाळा मुख्यतः वरच्या वर्गांपर्यंतच पोहोचल्या. कसारा-शहापूरच्या डोंगरांतील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी मुलांच्या वाट्यास त्या फारशा आल्या नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे हीच उणीव स्पष्ट शब्दांत मांडली. तसेच, ज्यांच्या खटपटीने लोहमार्ग आला, त्यांच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षे लोटली तरी त्यांच्या जन्मगावी मुरबाडास गाडी पोहोचलेली नव्हती. मोठ्या पुरुषांच्या हातून राहून गेलेले काम हे पुढच्यांवरील ऋण असते.

३१ जुलै १८६५ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, नानांचे देहावसान झाले. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात सर्वप्रथम येणाऱ्यास त्यांच्या नावे शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी हे नाव अभिमानाने मिरविले. सन १९१२ मध्ये ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. पेढीवर मिळविलेले द्रव्य कालांतराने वाटले जाते. विद्येच्या कामी लावलेले नाव मात्र असे फिरत राहते.

ज्ञातिबंधुभगिनींनो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आपल्या समाजात दुकान, कारखाना, कचेरी किंवा शाळा उत्तम प्रकारे चालविलेले अनेक वडीलधारे गृहस्थ आहेत. ज्ञातिसंस्थेची धुराही त्यांनीच वर्षानुवर्षे वाहिली. वय झाल्यावर त्यांच्यापुढे दोन वाटा दिसतात. एक, खुर्ची न सोडण्याची. दुसरी, खुर्चीबरोबर संस्थाही सोडण्याची. पहिलीने तरुण कोमेजतात, दुसरीने संस्था पोरकी होते. नानांनी दाखविलेली वाट तिसरी आहे. कारभार तरुणांकडे द्यावा. आपण विश्वस्त म्हणून, सल्लागार म्हणून बैठकीस वेळेवर यावे. कागद वाचून यावे. हिशेब बारकाईने पाहावा. पटले नाही तर तसे स्पष्ट लिहून द्यावे. आणि ठराव आपल्या मनाविरुद्ध झाला तरी पुढच्या बैठकीस जागा रिकामी ठेवू नये. रोजच्या कामात हात घालण्याचा मोह आवरावा, पण चढ लागला म्हणजे मागून जोर द्यावा.

तरुणांनीही एक पथ्य पाळावे. सल्ला विचारावयाचा तो काम ठरण्यापूर्वी विचारावा. काम बिघडल्यावर वडिलांस ढाल म्हणून पुढे करू नये. अध्यक्षपदी नाना व चिटणीसपदी त्यांचे चिरंजीव आणि डॉ. भाऊ दाजी, या जोडणीत जो परस्परविश्वास होता, तो आपल्या लहानशा संस्थेत आला, तर विद्यार्थी साहाय्यक फंडापासून वसतिगृहापर्यंत कोणतेही कार्य अडून राहणार नाही. मुरबाडच्या मातीत जन्मलेल्या या थोर पुरुषाचे स्मरण अशा आचरणानेच व्हावे, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.